‘जुळले’ या शब्दाची चिकित्सा

डीएनएची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते तेव्हा तिचे क्रियापद ठरलेले असते. आरोपीचे डीएनए ‘जुळले’. मथळा तेवढ्यावर उभा राहतो आणि वाचकाच्या मनातला खटला तिथेच संपतो. या क्रियापदाला आपल्याकडे आधीपासून एक घरगुती अर्थ आहे. पत्रिका जुळते तेव्हा छत्तीसपैकी किती गुण आले, हे विचारायची पद्धत तरी आहे. डीएनएच्या बाबतीत किती जुळले, कशाशी जुळले आणि जुळवले कोणी, हे विचारण्याची सवय वाचकाला नाही, वार्ताहराला नाही, आणि निकालपत्रे वाचल्यावर असे म्हणावे लागते की पुष्कळदा न्यायालयालाही नाही.

गेली काही वर्षे मी डीएनए पुराव्यावर उभी असलेली निकालपत्रे जमवून वाचतो आहे. मी शास्त्रज्ञ नाही, वकीलही नाही. माझी पदवी वाणिज्य शाखेची. नंतरचे जे काही शिक्षण झाले ते मोडी दफ्तरे आणि पोथ्या वाचताना. जीवशास्त्र चाळिशीनंतर, महाविद्यालयाची पाठ्यपुस्तके विकत आणून शिकलो. पोथीवाचनाची सवय असलेल्या माणसाने डीएनएच्या अहवालाकडे का वळावे, असे मला विचारले गेले आहे. उत्तर साधे आहे. नव्या पिढीचे डीएनए-क्रमवाचन, ज्याला नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग किंवा थोडक्यात एनजीएस म्हणतात, ते मुळात तुकड्यातुकड्यांनी सापडलेल्या, पुन्हापुन्हा नकलून घेतलेल्या मजकुराचे वाचन आहे. अशा मजकुराचे काय करायचे याची एक विद्या आपल्याकडे आहे, तिला पाठचिकित्सा म्हणतात. ती विद्या जे प्रश्न विचारते तेच या अहवालांना विचारावेत, एवढाच या लेखाचा उद्योग. निकालपत्र हाही एक गद्यप्रकार आहे आणि त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. त्याची समीक्षा कादंबरीइतक्या गांभीर्याने व्हायला हरकत नसावी.

आधी जुनी पद्धत पाहू. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ साली डीएनएचे ठसे घेता येतात हे सापडले. पुढच्या दशकात त्या पद्धतीची जागा दुसऱ्या, सुटसुटीत पद्धतीने घेतली, आणि आज आपल्या प्रयोगशाळांत चालते ती हीच. डीएनएच्या लांबलचक मजकुरात काही ठरावीक जागी चार अक्षरांचा एखादा तुकडा लागोपाठ पुन्हापुन्हा येतो. कुणात तो तेरा वेळा येतो, कुणात सोळा. आईकडून एक आकडा, वडिलांकडून एक. अशा जागांना एसटीआर म्हणतात. अमेरिकेच्या एफबीआयने सुरुवातीला अशा तेरा जागा ठरवल्या होत्या, २०१७ पासून त्या वीस झाल्या. यंत्र त्या तुकड्याची लांबी मोजते आणि लांबीवरून आवर्तनांचा आकडा काढते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या पद्धतीत मजकूर कोणी वाचतच नाही. नुसती लांबी मोजली जाते.

आर्येची मात्रा मोजणाऱ्याला हे लगेच समजेल. दोन चरणांच्या मात्रा बारा-बारा भरल्या म्हणून ते चरण एक होत नाहीत. जुनी पद्धत मात्रा मोजते. एनजीएस शब्द वाचते. डी८एस११७९ नावाची एक जागा आहे. तिथे दोन माणसांचा आकडा ‘१३’ आला तर जुना अहवाल ‘जुळले’ म्हणेल. क्रम वाचला तर एकाकडे ‘टीसीटीए’ हा तुकडा सलग तेरा वेळा निघतो, आणि दुसऱ्याकडे एकदा ‘टीसीटीए’, मग एकदा ‘टीसीटीजी’, मग पुन्हा अकरा वेळा ‘टीसीटीए’. मात्रा तेवढ्याच, पण एक अक्षर वेगळे. काही जागांवर असे सुप्त पाठभेद पुष्कळ सापडतात. दोघा-तिघांचे डीएनए एकत्र मिसळलेला नमुना असेल, आणि बलात्काराच्या गुन्ह्यांत तो बहुधा तसाच असतो, तेव्हा कोणता धागा कुणाचा हे सोडवायला हा फरक उपयोगी पडतो.

यंत्राची कामाची रीत अशी. डीएनएचे बारीक तुकडे करायचे, किंवा ते आधीच झालेले असतील तर तसेच घ्यायचे. एकेका तुकड्याच्या असंख्य नकला करायच्या. मग लाखो तुकडे एकाच वेळी, अक्षर जोडले जाताना उमटणाऱ्या प्रकाशाच्या खुणेवरून, वाचायचे. शेवटी संगणकाने प्रत्येक तुकडा एका आधारप्रतीशी ताडून योग्य जागी लावायचा. एक जागा शंभर वेळा वाचली गेली आणि नव्वद वेळा ‘ए’ आला, दहा वेळा ‘जी’, तर काय मानायचे? ते ‘जी’ नकलेतली चूक आहे, की दुसऱ्या माणसाच्या डीएनएचा अंश? इथे यंत्र उत्तर देत नाही. किती वाचनांखाली अक्षर ग्राह्य धरायचे नाही आणि किती टक्क्यांखालचे अक्षर कचरा समजायचे, हा उंबरठा प्रयोगशाळा ठरवते. हा संपादकाचा निर्णय आहे.

नकलेतल्या चुकाही ओळखीच्या निघतात. जिथे तोच शब्द लागोपाठ येतो तिथे पोथीच्या लेखकाची नजर घसरते आणि एक आवर्तन गळते. ज्याने दहा-वीस पोथ्या ताडून पाहिल्या आहेत त्याला हे नवे नाही. डीएनएची नक्कल करणारे विकर अगदी तिथेच घसरते. तेराच्या ठिकाणी काही नकला बाराच्या निघतात. मिश्र नमुन्यात तो ‘१२’ म्हणजे घसरण, की खरोखर दुसरा माणूस, या एका प्रश्नावर अहवाल इकडचा तिकडे होऊ शकतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. वि. सी. सुखठणकरांनी घालून दिलेली शिस्त अशी, की वर स्वीकारलेला पाठ छापायचा आणि खाली नाकारलेले सगळे पाठभेद, कोणत्या प्रतीत कोणता हे नोंदवून, द्यायचे. स्वीकारलेला पाठ जिथे पुरेसा पक्का नाही तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. सुखठणकरांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला त्यांच्याच पानावरून त्यांच्याशी भांडता यावे, अशी सोय त्या पानात आहे. ही नागमोडी रेघ मी डीएनए अहवालांत शोधतो आणि ती मला सापडत नाही. आपल्याकडचा अहवाल बहुधा एक-दोन पानांचा: नमुन्यांची यादी, आकड्यांचा एक तक्ता, आणि खाली ‘जुळतात’.

नव्या वाचनाची ताकद मात्र खरी आहे. ती नाकारून टीका करण्यात अर्थ नाही, म्हणून एक प्रकरण सविस्तर सांगतो. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या आणि ओळख न पटलेल्या आठशेहून अधिक अमेरिकी सैनिकांचे अवशेष होनोलुलूतल्या ‘पंचबोल’ नावाच्या स्मशानभूमीत पुरलेले होते. पुरण्याआधी जपानमधल्या कोकुरा इथे त्या हाडांवर फॉर्मल्डिहाइड असलेल्या भुकटीचा संस्कार झाला होता. हेतू टिकवण्याचा होता. परिणाम असा झाला, की डीएनएचे तुकडे इतके बारीक झाले, त्यांत जमिनीतल्या जीवाणूंचे डीएनए इतके मिसळले, की १९९० च्या दशकात थडगी उघडून घेतलेल्या नमुन्यांतून जुन्या पद्धतीने काहीच वाचता येईना. डोव्हर इथल्या सैनिकी डीएनए प्रयोगशाळेने २०१६ पासून एनजीएस वापरायला घेतले. माणसाच्या डीएनएला चिकटणारे आमिष टाकून तेवढेच तुकडे वेचायचे, शंभर अक्षरांहूनही लहान असले तरी वाचायचे, आणि एकावर एक लावत मजकूर उभा करायचा. साठ-सत्तर वर्षे ‘अज्ञात’ असलेल्या हाडांना नावे मिळू लागली. वाळवी लागलेल्या पोथीचे कपटे जुळवणाऱ्यालाच या कामाची किंमत कळेल. आणि इथे ‘जुळवणे’ हे क्रियापद अगदी बरोबर बसते.

हे कसब गुन्हेतपासाच्या प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. ते प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले. त्यांपैकी एका स्त्रीच्या अवशेषांतून वाचण्याजोगा जनुकसंच हाती आला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. एकसष्टांपैकी एक, हे प्रमाण त्या अभ्यासकांनी उघड सांगितले. अमेरिकेतले एड ग्रीन हे निअँडरथल मानवाचा जनुकसंच वाचणाऱ्या गटातले. मूळ नसलेल्या केसातून पेशीकेंद्रातले डीएनए काढण्याची रीत त्यांनी बसवली. गळून पडलेल्या केसाला मूळ नसते आणि पूर्वी त्यातून फक्त आईकडून येणारे मायटोकाँड्रियाचे डीएनए मिळे, जे एका घराण्यातल्या अनेकांचे एकच असते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सापडलेल्या स्त्रियांच्या मृतदेहांच्या खटल्यात, ज्याला गिल्गो बीच प्रकरण म्हणतात, अशा केसांचे वाचन पुरावा म्हणून पुढे आले. बचाव पक्षाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी महिनोन्महिने तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला. निर्णय पटो वा न पटो, मला महत्त्वाची वाटते ती आधीची सुनावणी. तंत्र शास्त्रज्ञांत मान्य आहे का, आकडा काढणारी संगणकप्रणाली कोणत्या गृहीतांवर चालते, यावर भर न्यायालयात उलटतपासणी झाली. पाठाच्या आधी प्रतीची परीक्षा झाली.

आता प्रक्षेपांविषयी. पोथीत मूळ ग्रंथकाराच्या नसलेल्या ओव्या घुसतात, हे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली तेव्हाही ठाऊक होते. डीएनएच्या नमुन्यात घुसलेला परका मजकूर मात्र परका दिसत नाही. तो स्वच्छ, ठळक, वाचनीय असतो, कधी मूळ मजकुरापेक्षा जास्त.

जर्मनीतल्या हाइलब्रोन शहरात एप्रिल २००७ मध्ये एका पोलीस महिलेचा खून झाला. गाडीवर एका अनोळखी स्त्रीचे डीएनए मिळाले. तेच डीएनए १९९३ च्या एका वृद्धेच्या खुनात होते, चोऱ्यांत होते, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रियामधल्या मिळून सुमारे चाळीस घटनास्थळी होते. या स्त्रीचे नाव पडले ‘हाइलब्रोनची छाया’. तीन लाख युरोंचे बक्षीस लागले. ती कशी असेल, कुठून आली असेल, पुरुषाच्या वेषात वावरते का, यावर लिहिले गेले. एक पात्रच तयार झाले, आणि ते पात्र जितके अशक्य होत गेले तितके अधिक रंगत गेले. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला. ते डीएनए नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या जिथे बांधल्या जात तिथल्या एका कामगार स्त्रीचे होते. काड्या निर्जंतुक होत्या. पण जंतू मारल्याने डीएनए जात नाही. पुढे २०१६ साली अशा साहित्यासाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आले. वाचन सगळीकडे अचूक होते, आणि ‘जुळले’ हे विधानही चाळीस वेळा खरे होते.

दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियातला, २०१२ चा. घरात शिरून एका धनिकाचा खून झाला आणि त्याच्या नखांवर एका बेघर माणसाचे डीएनए मिळाले. तो माणूस खुनाच्या अभियोगात सुमारे पाच महिने तुरुंगात होता. मग त्याच्या वकिलाला कागद सापडले: त्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात दाखल होता. त्याला रुग्णालयात नेणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. बोटाला लावायच्या उपकरणावरून डीएनए एका बोटावरून दुसऱ्याच्या बोटावर गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. त्याला वाचवले ते रुग्णालयाच्या दाखल-नोंदीने. वाचन जितके तीक्ष्ण, तितका धुळीचा कणही बोलू लागतो; आणि एनजीएस तर कणाकणातून बोलते करणारे तंत्र आहे.

आपल्या न्यायालयांकडे येऊ. दिल्लीच्या छावला भागातून फेब्रुवारी २०१२ मध्ये एका तरुणीचे अपहरण झाले. बलात्कार आणि खून झाला. तिघांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांना निर्दोष सोडले. सरन्यायाधीश उदय लळीत, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांचे हे पीठ. या निकालावर संताप झाला. फेरविचार याचिका आल्या आणि फेटाळल्या गेल्या. मी तो निकाल अनेकदा वाचला. त्यातला डीएनएचा भाग थोडक्यातच आहे, पण फार नेमका आहे. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतले. प्रयोगशाळेत पाठवले २७ तारखेला. मधले अकरा-तेरा दिवस ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात पडून होते. आणि दुसरे, अहवालातल्या निष्कर्षांना आधार काय, तंत्र विश्वासार्हपणे वापरले गेले का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नाही.

या ‘तपासलेच नाही’ची मुळे कायद्यात आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार, सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल तो तज्ज्ञ साक्षीला न येताही पुराव्यात वाचता येतो. बोलावता येते, पण बोलावलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे कोर्टात त्याला अजून ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. हे नावच सांगते की ही पद्धत रक्त आहे की रंग, विष आहे की नाही, अशा प्रश्नांच्या काळातली आहे. तिथे होय-नाही पुरत असेल. शक्यतेच्या भाषेत बोलणारे शास्त्र त्याच साच्यात ओतले की त्याचेही होय-नाही होते. संपादकीय टिपा गळतात आणि नुसता पाठ उरतो.

छावल्याच्या निकालाने एका कुटुंबाला दहा वर्षांनी उत्तराशिवाय परत पाठवले, हेही लिहिले पाहिजे. नमुने तिसऱ्या दिवशी पोचले असते आणि अहवालाची फोड साक्षीत झाली असती, तर निकाल कोणताही लागो, तो टिकला असता. डीएनएविषयी प्रश्न विचारणारा माणूस आरोपीच्या बाजूचा, असा समज आपल्याकडे आहे. बेफिकीर अहवालाची किंमत पीडितेच्या आईबापांनीही मोजली आहे.

आता आकड्याविषयी. परदेशी अहवालांत ‘जुळले’च्या पुढे एक आकडा असतो: असा क्रम योगायोगाने सापडण्याची शक्यता अमुकांत एक. समजा अर्धवट नमुन्यातून ‘दहा लाखांत एक’ असा आकडा आला. वकील उभा राहून म्हणतो, आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक. हे चूक आहे. दोन कोटी लोकांच्या महानगरात असा क्रम असलेली वीसेक माणसे निघतील. दुसरा काहीच पुरावा नसेल तर आरोपी त्या विसांपैकी एक, इतकेच म्हणता येते. वीसही जागांचा पूर्ण क्रम मिळाला तर आकडा अब्जावधींच्या पुढे जातो, हे खरे. पण घटनास्थळी नमुना असा पूर्ण क्वचित मिळतो.

आणि हा आकडा येतो कुठून? एखादा क्रम त्या समाजात किती जणांत आढळतो, या मोजणीतून. मग प्रश्न असा, की ‘तो समाज’ म्हणजे कोण? जातीतल्या जातीत शेकडो वर्षे लग्ने करणाऱ्या आपल्या देशात हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेवरचे पुस्तक १९५३ साली लिहिले. उत्तरेत मामेबहिणीशी लग्न निषिद्ध, दक्षिणेत मान्य, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, जिथे मामाची मुलगी चालते, हे त्यांनी नीट मांडून ठेवले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मामाची मुलगी करून आणली जाते तिथे दूरच्या भावंडांचे डीएनए जवळच्या भावंडांसारखे दिसते. ‘योगायोगाने जुळण्याची शक्यता’ परदेशी तक्त्यावरून काढली तर ती खरीपेक्षा फार लहान निघू शकते. आणि खरा गुन्हेगार आरोपीचाच भाऊबंद असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. दुरुस्तीची सूत्रे शास्त्राकडे आहेत. ती वापरली की नाही, हे एक-दोन पानी अहवाल सांगत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जनुकसंच वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. पायाभरणी म्हणून ती मोलाची आहे. पण १४० कोटींचा देश त्यात मावत नाही.

भाऊबंदांचा प्रश्न निघालाच आहे, तर २०१८ चा तो गाजलेला तपास. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेरा खून आणि पन्नासाच्या आसपास बलात्कार करणारा माणूस चाळीस वर्षे सापडला नव्हता. जपून ठेवलेल्या नमुन्यातून लाखो ठरावीक जागांची नोंद तयार करून ती वंशावळ शोधणाऱ्या हौशी लोकांच्या माहितीसाठ्यात टाकली गेली. दूरचे चुलत-मावस भाऊबंद निघाले. त्यांच्यावरून वंशवृक्ष रचत पोलीस एका निवृत्त, माजी पोलिसाच्या दारात पोचले. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. ज्या नातलगांनी आपले डीएनए पणजोबांच्या शोधासाठी दिले होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. या प्रकरणी माझे मत दुभंगलेले आहे. त्या स्त्रियांना चाळीस वर्षांनी न्याय मिळाला, तो या मार्गाशिवाय मिळाला नसता. तरीही हा मार्ग आपल्याकडे उघडला तर तो कुणाच्या वस्तीत जाईल, याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

कारण एनजीएस संशयिताशी तुलना करून थांबत नाही. संशयित नसतानाही, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, वंशपरंपरेचा प्रदेश यांविषयी ते अंदाज करते. जर्मनीने २०१९ च्या कायदादुरुस्तीने डोळे, केस, त्वचा यांचा रंग आणि वय यांचा अंदाज बांधायला परवानगी दिली. वंशप्रदेशाचा अंदाज त्यातून वगळला. ज्या देशाने वंशाच्या नावाने काय होते ते पाहिले आहे, त्याने ही रेघ ओढली. आपल्याकडे ‘वंशप्रदेश’ या शब्दाचा अनुवाद पोलीस ठाण्यात काय होईल? जात, जमात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्माने गुन्हेगार ठरवला. तो कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जाण्याची रीत गेली असे कोण म्हणेल? लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वी हा संशय हवालदाराच्या डोक्यात असे आणि वकील त्याची टर उडवू शके. उद्या तोच संशय टक्केवारी घेऊन, प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह आला, तर त्याची टर कोण उडवणार?

फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ मध्ये आला. त्याने जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण ‘मापां’मध्ये आणले, आणि अशा नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद केली. प्रयोगशाळांवर नियमन आणणारे डीएनए तंत्रज्ञान विधेयक मात्र २०१९ पासून संसदेत पडून होते, ते जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले. म्हणजे नमुना घेण्याचा अधिकार आला आणि नमुना वाचणाऱ्याला शिस्त लावणारा कायदा आला नाही. या विधेयकातही दोष पुष्कळ होते, ते गेले याचे दुःख करावे असे नाही. रिकामी जागा मात्र तशीच आहे, आणि दरम्यान १ जुलै २०२४ पासून सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक पथक नेणे नव्या संहितेने टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. नमुन्यांचे ढीग वाढणार.

या रिकाम्या जागेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये काही ओळी लिहिल्या. तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात २०११ साली एका जोडप्याचा खून झाला होता. फाशी झालेल्या आरोपीला निर्दोष सोडताना न्यायालयाला पुन्हा तेच दिसले, नमुने हाताळण्यातली ढिलाई आणि मध्येच तुटलेली ताब्याची साखळी. या वेळी न्यायालयाने देशभरासाठी चार निर्देश दिले. नमुना घेताना गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, कलमे, तपास अधिकारी यांच्या नोंदी आणि सह्या. ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोचवायचा, उशीर झाला तर कारण लिहायचे. मधल्या काळात न्यायालयाच्या परवानगीवाचून पाकीट उघडायचे नाही की पुन्हा सील करायचे नाही. आणि नमुना घेतल्यापासून शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत ताब्याची एक नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडायची.

पंचनाम्याची भाषा वाचून ज्यांचे डोळे शिणले आहेत त्यांना हे निर्देश रुक्ष वाटतील. मला त्यांत पहिल्यांदा संपादकीय शिस्तीची चाहूल लागली. प्रत कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, हे आता लिहिले जाईल. पण हे निर्देश प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबतात. आत गेल्यावर यंत्रातून निघालेल्या लाखो वाचनांची मूळ फाइल कुठे ठेवायची, किती वर्षे ठेवायची, कोणता उंबरठा लावून कोणती अक्षरे गाळली ते कुठे नोंदवायचे, आणि बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने ती फाइल मागितली तर ती कुणी द्यायची, याविषयी त्या चार निर्देशांत शब्द नाही. एनजीएसचे अहवाल आपल्या जिल्हा न्यायालयांत नेहमीचे होण्याआधी त्या नोंदवहीत हे रकाने आखून घेता येतील. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.